बंद तिजोरीची खंडेनवमी

देवदत्तराव खळदकरांकडे एक गोष्ट होती, आणि ती ऐकल्याशिवाय त्यांच्या घरातून कुणाची सुटका नव्हती. ते एका जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात शस्त्रागाराचे हवालदार होते, तेव्हाची. खंडेनवमीच्या सकाळी एका साहेबांचा ऑर्डर्ली आला. साहेबांना घरी पूजेला मांडायला एक रिव्हॉल्व्हर हवं होतं, दुपारपर्यंत परत मिळणार होतं. देवदत्तरावांनी रजिस्टर पुढे सरकवलं. ऑर्डर्ली म्हणाला, सहीबिही काही नाही, साहेबांचा शब्द आहे. देवदत्तराव म्हणाले, "शब्द कुलपाला कळत नाही." मग साहेब स्वतः आले, आरडाओरडा झाला, पण कमरेची किल्ली काही सुटली नाही. सहा महिन्यांत हवालदारांची बदली अशा गावी झाली, जिथे एसटी दिवसातून एकदा यायची आणि तीही मनात आलं तर.

गोष्ट संपवताना ते मांडीवर थाप मारायचे. "बदली झाली, पण साहेबाला किल्ली मिळाली नाही!"

नीलांबरी त्यांची सून. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिने ही गोष्ट तीनदा ऐकली होती. पुढे ती आणि देवदत्तरावांचा मुलगा यतीन नोकरीसाठी नेदरलँड्सला गेले, रायस्वाइकमध्ये घर घेतलं, मुलगी झाली, शिवांगी. आणि चार वर्षांपूर्वी नीलांबरीने फोनवर सांगितलं, "बाबा, मी नेमबाजीच्या क्लबात जायला लागलेय."

त्या दिवसापासून देवदत्तरावांचे पाय जमिनीवर नव्हते. त्यांच्या पुण्याच्या सोसायटीत वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना माहीत झालं की खळदकरांची सून पिस्तूल चालवते. तिने वर्षभर क्लबच्या पिस्तुलावर सराव केला. पोलिसांकडे अर्ज केला, चारित्र्याचा दाखला आणला, संगणकावरची लांबलचक परीक्षा दिली, ओळखीच्या लोकांची नावं साक्षीला दिली. तेव्हा कुठे स्वतःच्या पॉइंट टू टू पिस्तुलाचा परवाना मिळाला. तोही स्वसंरक्षणासाठी नाही, फक्त खेळासाठी. दर वर्षी नवा करून घ्यायचा, आणि वर्षात निदान अठरा वेळा रेंजवर हजेरी लागलीच पाहिजे. यातलं सोसायटीत कुणाला काही कळत नव्हतं, पण देवदत्तराव ते सगळं अशा थाटात सांगायचे, जणू परीक्षा त्यांनीच दिली होती.

यंदा ऑगस्टमध्ये ते तीन महिन्यांसाठी रायस्वाइकला आले. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली होती, पुण्यात घर खायला उठत होतं. येताना बॅगेत मुंबईचे रेशमी गोंडे, हळदकुंकू आणि एक लाल खणाचा तुकडा होता. खण कशासाठी, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. निवृत्त झाल्यापासून दहा वर्षं त्यांनी खंडेनवमीला विळी, कात्री आणि पाना-पेचकसाची पूजा केली होती. त्याआधी अठ्ठावीस वर्षं त्यांनी सहाशे रायफलींना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. पेचकसाला कुंकू लावताना माणसाला काय वाटत असेल, ते ज्याचं त्याला माहीत. पण यंदा घरात खरं शस्त्र होतं, आणि तेही सुनेच्या नावावर.

नवमीच्या आधीच्या शनिवारी त्यांनी विषय काढला.

"नीलांबरी, बुधवारी खंडेनवमी. सकाळी जरा तुझं पिस्तूल पाटावर मांडू. दहा मिनिटांचं काम आहे."

नीलांबरी लॅपटॉप मिटून त्यांच्यासमोर बसली. "बाबा, नाही जमणार."

"रिकामंच ठेव की. गोळ्या कशाला हव्यात?"

"गोळ्या वेगळ्याच पेटीत असतात. तसं नाही. ते तिजोरीतून निघतं ते रेंजवर न्यायला, नाहीतर साफ करायला. घरात मांडून ठेवायची वस्तू नाही ती. परवान्यातच आहे तसं."

"अगं, मला शिकवतेस? अठ्ठावीस वर्षं..."

"माहितीये बाबा. तुम्ही तिजोरीच्या दाराला हळदकुंकू वाहा ना. आत आहेच ते."

देवदत्तरावांना हे फार लागलं. बंद दाराला कुंकू! देवळाला कुलूप आहे, पायरीवरूनच नमस्कार करा, असं पुजाऱ्याने सांगावं तसं. त्यांनी यतीनकडे पाहिलं. यतीन हात वर करून मोकळा झाला. "माझ्याकडे बघू नका. मला त्या तिजोरीचा कोडसुद्धा माहीत नाही. घरातल्या कुणालाच माहीत नसावा, असा नियम आहे."

"बायकोचं कुलूप नवऱ्याला उघडता येत नाही! हे घर आहे का बँक?"

देवदत्तराव त्या रात्री आमटी न वाढून घेता उठले. ही त्यांची निषेधाची जुनी पद्धत होती.

रविवारी नीलांबरी रेंजवर निघाली. देवदत्तराव चहाचा कप घेऊन पॅसेजमध्ये उभे होते. सहज उभे होते, असं ते स्वतःला सांगत होते. झोपायच्या खोलीत कपाट उघडं होतं, आत भिंतीला बोल्टने आवळलेली तिजोरी होती, आणि नीलांबरी वाकून आकडे दाबत होती. बोटांची चाल पाहून आकडा ओळखणं ही शस्त्रागारातली जुनी सवय. वरचं, मधलं, खालचं. सहा आकडे. देवदत्तरावांनी चहाचा घोट घेतला आणि ते मुकाट्याने बाल्कनीत गेले.

ती निघताना त्यांनी तिला हाक मारून सांगितलं होतं, "येताना कोथिंबीर आण." ती कोथिंबीर न आणताच आली. पिस्तुलाची पेटी घेऊन थेट घरी, तिजोरीत बंद, आणि मग सायकल काढून पुन्हा दुकानात. दुकान रेंजच्या वाटेवरच होतं. "एवढं तर वाटेत थांबता आलं असतं," ते पुटपुटले. पिस्तूल गाडीत ठेवून कोथिंबीर निवडत बसणाऱ्या शिपायाला त्यांनी स्वतः एके काळी तासभर उन्हात उभं केलं असतं, हे त्यांना आठवलं नाही. किंवा आठवलं आणि त्यांनी ते बाजूला सारलं.

बुधवारी सकाळी सगळे बाहेर पडले. यतीन ट्रेनने, नीलांबरी सायकलवरून दहा मिनिटांवरच्या ऑफिसात, शिवांगी शाळेत. देवदत्तरावांनी आंघोळ केली, विळी-कात्रीची पूजा केली, आणि मग हळदकुंकवाची वाटी हातात घेऊन ते कपाटापुढे उभे राहिले.

काढायचं नव्हतंच. बाहेर कशाला काढायचं? नुसतं दार उघडायचं, असेल तिथेच एक बोट कुंकू लावायचं, एक फूल ठेवून उचलायचं, दार बंद. कुणाला कळणार? नियम मोडला असं म्हणायलाही जागा नाही. असं स्वतःला समजावताना त्यांना त्या जुन्या ऑर्डर्लीचा चेहरा दिसायला हवा होता. पण माणसाला मनात आलेलं करायचं असलं की असले चेहरे बरोबर दिसेनासे होतात.

त्यांनी सहा आकडे दाबले. लाल दिवा लागला, तिजोरी दोनदा टिक्‌टिक्‌ करून गप्प झाली.

शेवटचा आकडा चुकला असेल, म्हणून पुन्हा दाबले. पुन्हा लाल.

देवदत्तराव पलंगाच्या कडेवर बसले. अठ्ठावीस वर्षांत दुसऱ्याच्या ताब्यातल्या कुलपाला त्यांनी बोट लावलं नव्हतं, आणि आज सुनेच्या कपाटात चोरासारखे उभे होते, तेही खंडेनवमीला. त्यांना स्वतःची लाज वाटली. बऱ्याच वेळाने ते उठले, त्यांनी तिजोरीच्या बंद दाराला हळदकुंकू लावलं, लाल खण वर ठेवला आणि हात जोडले.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात पोलिसांच्या गणवेशात एक उंच बाई होत्या. नाव मार्लूस, असं त्यांनी सांगितलं. त्या इंग्रजीत बोलत होत्या. शस्त्र परवान्याची तपासणी होती, न कळवता होते तशी. नीलांबरी मॅडम आहेत का?

देवदत्तरावांनी फोन लावला. "दहा मिनिटांत येते बाबा. बसवा त्यांना, चहा द्या," नीलांबरी म्हणाली. आवाजात घाई होती, भीती नव्हती. भीती होती ती देवदत्तरावांना.

मार्लूसबाईंनी चहा घेतला, घर छान आहे म्हणाल्या, आणि तिजोरी कुठे असते असं विचारलं. ते त्यांना खोलीत घेऊन गेले. कुंकू अजून ओलं होतं.

"हे काय?"

देवदत्तरावांनी आपल्या तुटक इंग्रजीत सांगितलं, की आज शस्त्राची पूजा असते, ते स्वतः पोलिसात होते, शस्त्रागार सांभाळायचे, सहाशे रायफली. बाई कौतुकाने ऐकत होत्या. मग सहज बोलल्यासारखं त्यांनी विचारलं, "तुम्हाला ही उघडता येते?"

"नो, मॅडम."

"कधी प्रयत्न केलात?"

हा प्रश्न बाई प्रत्येक घरात विचारत असतील. लोक हसून नाही म्हणत असतील. देवदत्तरावांनाही नाही म्हणता आलं असतं, आणि सून सुखरूप सुटली असती. हो म्हटलं तर तिची चार वर्षं, तिच्या हजेऱ्या, तिचा परवाना, सगळं त्यांच्या दोन बोटांपायी जाणार होतं. पण तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यापुढे ते जन्मात खोटं बोलले नव्हते. त्यांनी पाठ ताठ केली.

"येस, मॅडम. टुडे मॉर्निंग. टू टाइम्स. माय मिस्टेक. माय डॉटर-इन-लॉ नॉट नोइंग."

बाईंनी कप खाली ठेवला आणि वही काढली. मग नीलांबरी येईपर्यंत त्या वहीत लिहीत राहिल्या. देवदत्तरावांना ती शेवटची चार मिनिटं जुन्या बदलीच्या दोन वर्षांपेक्षा जड गेली.

नीलांबरी धापा टाकत आली. मार्लूसबाईंनी तिला डचमध्ये काहीतरी सांगितलं. नीलांबरीने सासऱ्यांकडे पाहिलं. देवदत्तरावांनी मान खाली घातली. मग तिने शांतपणे उत्तर दिलं, आणि तेच त्यांच्यासाठी मराठीत सांगितलं.

"बाबा, रविवारी तुम्ही पॅसेजमध्ये होतात. कपाटाच्या आरशात तुमचा कप दिसला मला. रेंजवरून आल्या आल्या मी कोड बदलला."

"मला बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुमच्यावर संशय घेते म्हणू? संशय नव्हता हो. पण आकडे कुणीतरी पाहिले होते. कुणी पाहिले याने काय फरक पडतो?"

तिने दोघांनाही खोलीबाहेर उभं केलं, तिजोरी उघडली, आणि मगच मार्लूसबाईंना आत बोलावलं. पिस्तूल रिकामं, नंबर बरोबर, गोळ्या वेगळ्या पेटीत, हजेरीच्या वहीत सव्वीस शिक्के. देवदत्तराव पॅसेजमध्ये सावधान उभे राहून ऐकत होते. बाईंनी वही मिटली. सगळं नियमानुसार आहे, म्हणाल्या. घरातल्या माणसाने आकडे पाहिल्यावर ते त्याच दिवशी बदलणारे परवानाधारक त्यांना फारसे भेटत नाहीत.

निघताना त्या दारात थांबल्या आणि जराशा मिश्कीलपणे देवदत्तरावांना म्हणाल्या, "तुमची सून तुमच्यावरसुद्धा विश्वास ठेवत नाही हं."

देवदत्तरावांचा ऊर भरून आला. डोळेही भरले, पण ते त्यांनी चालू दिलं.

"करेक्ट, मॅडम," ते म्हणाले. "व्हेरी गुड!"

दार लागल्यावर ते नीलांबरीकडे वळले. "पोरी, मी चुकलो."

"मीच आधी स्पष्ट बोलायला हवं होतं, बाबा." तिने तिजोरीवरचा खण हाताने नीट केला. "हा इथेच राहू दे. छान दिसतोय." आणि ती सायकल घेऊन परत ऑफिसला गेली, कारण तिची मीटिंग अर्धी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी हूफडॉर्पहून आणि कापेलहून यतीनच्या मित्रांची कुटुंबं आली. आपट्याची पानं इथे कुठली मिळायला, शिवांगीने सोनेरी कागदाची कापली होती. यतीन स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होता. पानं वाटून झाली, आणि कुणीतरी चूक केली. "काका, तुम्ही पोलिसात होतात ना?" असं विचारलं.

यतीनने आतूनच सुस्कारा सोडला. देवदत्तराव सरसावून बसले.

"एकदा काय झालं," ते म्हणाले, "खंडेनवमीची सकाळ होती. एका साहेबाच्या मनात आलं, पूजेला पिस्तूल हवं. नियम माहीत होता बरं का त्याला, चांगला पाठ होता. तरी म्हणाला, दहा मिनिटांचं काम आहे. पण शस्त्र जिच्या ताब्यात होतं, ती म्हणाली, नाही म्हणजे नाही. साहेब रुसला, जेवला नाही, कुलपाशी खाटखूटसुद्धा करून पाहिली त्याने..."

शिवांगीला ही गोष्ट तोंडपाठ होती. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आजोबा, दॅट्स नॉट हाउ इट गोज. हवालदार तर तुम्ही होतात. हू इज द साहेब?"

"या गोष्टीत साहेब मी," देवदत्तराव म्हणाले. "हवालदार ती बघ, तुझी आई."

सगळे नीलांबरीकडे वळले. ती हातातल्या सोनेरी कागदाकडे बघत होती, आणि तिचे कान लाल झाले होते. देवदत्तरावांनी मांडीवर जोरात थाप मारली.

"आणि साहेबाला किल्ली मिळाली नाही!"