वेशीपर्यंतची खेप

"तूरडाळ किलोवर, करडीचं तेल लिटरवर. तुझं हे सॉफ्टवेअर कशावर मोजायचं, सांग की!" खुर्चीतच मांडी घालून भुजंगराव म्हणाले.

दोन हजार सोळाचा उन्हाळा होता. लातुरात प्यायचं पाणी रेल्वेनं येत होतं आणि ज्याच्याकडं टँकर तो राजा. भुजंगरावांची मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, डाळमिल होती, पण पाणी आटलं तशी त्यांनी ती भावाच्या गळ्यात मारली आणि गावोगाव टँकर पोचवायचा ठेका घेतला. ठेक्यात अट होती, की प्रत्येक खेप कॉम्प्युटरवर दिसली पाहिजे. म्हणून ते माझ्या ऑफिसचा जिना चढले होते. ऑफिस म्हणजे शिकवणीवाल्यांच्या इमारतीत अगदी वर एक तापलेली खोली, दोन कॉम्प्युटर आणि मी, सिंधू.

मला ते काम का पाहिजे होतं ते आधीच सांगते. निलंग्याकडं माझ्या माहेरी भुजंगरावांचाच टँकर जायचा. अर्धी खेप वेशीतल्या विहिरीत, अर्धी आमच्या बौद्धवस्तीच्या टाकीत, असं कागदावर होतं. आमची वस्ती वेशीबाहेर, ओढ्यापलीकडं. तिथवर टँकर यायचा तो ड्रायव्हरला लहर आली तर. माझी आई, सरजाबाई, हंडा घेऊन वेशीत गेली की विहिरीवरच्या बाया म्हणायच्या, "तुमचा हिस्सा तिकडं." तिकडं म्हणजे कुठं, तर कोरड्या टाकीत! मी म्हटलं, एकदा टँकरच्या मागं नकाशा लागू दे, मग बघते कोण लबाडी करतंय. म्हणून दर पाडून सांगितला. अक्कल चरायला गेली होती माझी, दुसरं काय.

तो पाडलेला दरही त्यांना जास्त वाटला.

"पेनड्राइव्हात मावतंय ना हे? मग एवढे पैसे कशाचे?"

"मालक, सोनंपण मुठीत मावतं."

"सोनं परत इकता तरी येतं," ते म्हणाले आणि आणखी कमी करून घेतलं.

मग सुरू झालं 'जरासं'. ह्या शब्दावर सरकारनं बंदीच घातली पाहिजे. जरासं डिझेलचं टाक. जरासं ड्रायव्हरच्या दांड्यांचं टाक. जरासं कानडीतपण दिसू दे, दोघं ड्रायव्हर तिकडचे हायत. एवढ्यात नवा जिल्हा होणार अशी आवई उठली आणि भुजंगराव जिना चढून धापा टाकत आले. नव्या जिल्ह्यात त्यांना कसलंतरी पद मिळणार होतं, निदान त्यांचं स्वतःचं तसं ठरलं होतं.

"एक बटन दे. दाबलं की आपले तालुके लातुरातून उठून नव्या जिल्ह्यात गेले पायजेत."

"जिल्हा झालाय कुठं?"

"व्हायलाय की!"

"तालुके कुठले?"

"ते वर ठरायचंय."

"नाव?"

"तेपण ठरायचंय. तू रिकामी जागा सोड की. रिकाम्या जागेला काय पैसे पडतेत?"

पडतात हो, पडतात! सगळ्यात जास्त तिलाच पडतात. घर उभं राहिल्यावर कुणी म्हणालं, जरासं तोंड पूर्वेला करा, तर गवंडी थापी फेकून मारेल. पण माझ्याकडं थापी नाही. "सगळं कॉम्प्युटरच करायलाय, तू तर नुसती बसून ऱ्हातीस," असं मला सुनावून, माझ्याच पैशाचा चहा पिऊन ते निघून जायचे. मी दातओठ खात सगळं केलं आणि फुकट केलं. आईच्या टाकीसाठी केलं.

शेवटी अडलं ते 'खेप' ह्या साध्या शब्दापाशी. मी विचारलं, "खेप झाली, असं कॉम्प्युटरनं कधी म्हणायचं?"

"टँकर गावात पोचला की."

"गावात म्हणजे कुठं?"

"आता काय म्हणावं! वेशीत गेला की झाली खेप. एवढं शिकलीस आन तुला गाव कळंना व्हय?"

मी नकाशा उघडला. माझ्या गावाच्या वेशीवर हिरवा ठिपका होता. ओढ्यापलीकडं, विहाराजवळच्या टाकीवर मी दुसरा टाकला. "इथंही टँकर थांबला तरच खेप पुरी. नाहीतर लाल."

भुजंगरावांनी मांडी सोडली, चष्मा लावला, स्क्रीनपाशी वाकून पाहिलं. "ह्याचं किती घेशील?"

"काही नाही. फुकट."

"नको."

"अहो, फुकट म्हणतेय मी!"

"फुकट असलं तरी परवडत न्हाई मला. ओढ्यातनं टँकर चढवायचा म्हंजे ड्रायव्हर कुरकुर करतेत. आन गावातली मंडळी इचारतेत, आमचं पाणी तिकडं कामून गेलं? उद्या जिल्हा झाला की ह्याच मंडळीपुढं हात जोडायचेत मला. तू असं कर, पैसे वाढवून घे. दुप्पट घे. पण तेवढा ठिपका काढ."

बघा! इतके दिवस माझ्याकडून फुकटात काम उकळणारा माणूस आता एक काम न करण्याचे दुप्पट पैसे द्यायला निघाला होता. तेही हसत, वडीलकीनं, समजुतीच्या सुरात. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"माझी आई राहते त्या ठिपक्यात," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला. वाटलं, लाजले. कसले लाजतायत! "मग आधी सांगायचं की, पोरी. आईला इकडं आण. तुझ्या दारात टँकर उभा करतो, खाजगीत."

"ठिपका राहील. नको असेल तर सॉफ्टवेअरही न्यायचं नाही."

"तुझी मर्जी. नांदेडला ढिगानं हायत असलं काम करणारे. निम्म्यात करतेत."

आणि केलं की नांदेडवाल्यांनी! निम्म्यात केलं, हारतुरे घालून उद्घाटनही झालं. गावाला ठिपका एकच, वेशीवर. काम स्वस्तात कसं होतं ते मला तेव्हा कळलं. गाव म्हणजे कुठं, हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर एका दुपारी आईचा फोन आला.

"सिंधू, मोबाईलवर रोज मेसेज यायलाय गं."

"काय म्हणतोय?"

ती अक्षर लावून लावून वाचू लागली. "आपल्या गावात... पाण्याची खेप... पोचली आहे. धन्यवाद."

"मग? आलं का पाणी?"

"टाकीपाशीच उभी हाय मी. तळ दिसायलाय." रिकामा हंडा खाली ठेवल्याचा आवाज आला. "तू कॉम्प्युटरवाली हायस, तूच सांग. हे 'आपल्या' म्हंजे कुणाच्या गं?"