फोन्तांकावरचा मुकुट

एकोणीसशे त्र्याण्णव सालच्या मार्चमधली गोष्ट. फोन्तांका नदीकाठच्या एका जुन्या हवेलीत ग्लेब सुखोवेर्खोव झारच्या घराण्यातल्या दागिन्यांचं संग्रहालय काढणार होता. भिंतीवर दालनांचे नकाशे लागले होते, काचेची कपाटं फिनलंडहून यायची होती. दागिने पारखायला त्यानं वेनियामिन ल्वोविचना ठेवलं होतं. चाळीस वर्षं कोंदणकाम केलेला माणूस. मी ताइसिया, त्यांची शिष्या.

त्या दुपारी एडुआर्ड नावाच्या दलालानं आणलेला नीलमांचा मुकुट टेबलावर होता. मधल्या कपाटात तोच बसणार होता. वेनियामिन ल्वोविचनी भिंग खाली ठेवलं आणि मुकुट अस्सल असल्याच्या दाखल्यावर सही करायला नकार दिला. वर नीलमाचा पातळ थर, खाली चिकटवलेली काच, असं ते म्हणाले. एडुआर्ड हसला. म्हाताऱ्याचे डोळे गेलेत, नाहीतर कुणीतरी त्याला फितवलंय, असं त्यानं ग्लेबला सांगितलं.

ग्लेबनं नुसती मान हलवली. त्याच्या अंगरक्षकानं वेनियामिन ल्वोविचचा उजवा हात आमच्याच टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात धरला.

"सही करा, आजोबा," ग्लेब म्हणाला. "संग्रहालय माझं, नाव तुमचं."

"नाव माझं आहे म्हणूनच करत नाही."

दांडा फिरला. पहिलं बोट मोडलं तेव्हा ते ओरडले नाहीत. दुसऱ्याला ओरडले.

मी डाख देण्याची गॅसबत्ती पेटवली. अंगरक्षक माझ्याकडे वळला, पण मी ज्योत मुकुटावर धरली होती. मधल्या खड्यातला डिंक उकळून बाहेर आला, खडा दुभंगला आणि खालची काच टेबलावर गळून पडली.

अंगरक्षकानं शिकंजा सैल केला. ग्लेबनं तो तापलेला मुकुट हातमोज्यात उचलला आणि एडुआर्डच्या तोंडावर हाणला. मग पुन्हा. पाचव्या फटक्याला मुकुट वाकला, तरी तो थांबला नाही. एडुआर्डचे दात नकाशांखाली पडले होते. अंगरक्षकानं त्याला पायांना धरून फरफटत बाहेर नेलं.

"तुम्ही दोघं घरी जा," ग्लेब मला म्हणाला. "सोमवारी बाकीचे दागिने बघू."

आम्ही सोमवारी गेलो नाही. वेनियामिन ल्वोविचची दोन बोटं डॉक्टरांना कापावी लागली. उन्हाळ्यात ग्लेबला त्याच्याच गाडीत कुणीतरी गोळ्या घातल्या आणि संग्रहालय नकाशांवरच राहिलं.

ती ज्योत मी आणखी आधी का पेटवली नाही, असं वेनियामिन ल्वोविचनी कधीच विचारलं नाही. आणि एडुआर्डचं पुढे काय झालं, ते मी विचारलं नाही.