गुडघाभर पाणी

मावशींनी प्लास्टिकची बादली थेट तज्ज्ञांच्या टेबलावर ठेवली. पांढऱ्या कापडावर पाण्याचा गोल उमटला आणि हळूहळू कागदांच्या दिशेने पसरू लागला.

"हे काय आहे, ते आधी सांगा," त्या म्हणाल्या.

अध्यक्षबाईंनी चष्मा सावरून आत डोकावून पाहिलं. समुद्राच्या कुठल्या तुकड्यावर कुणाचा हक्क, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं; पण जिवंत शिंपला त्या बहुधा पहिल्यांदाच बघत होत्या. "शिंपले," त्या जरा जपूनच म्हणाल्या.

"जिवंत आहेत. आमच्या चिखलातले. आणि तुमच्या नकाशात लिहिलंय, तिथे काहीच नाही. मग हे काय आभाळातून पडले?"

सभागृहात हशा पिकला. त्या चिखलाच्या पट्ट्यावर भराव घालून मालाचा धक्का बांधायचा की नाही, याची ही शेवटची सुनावणी होती. निळ्या अर्थव्यवस्थेच्या, म्हणजे समुद्रावर उभ्या राहणाऱ्या धंद्यांच्या, तज्ज्ञाने सकाळपासून पडद्यावर बाण वर वर नेऊन दाखवले होते. तो शेजाऱ्याच्या कानात पुटपुटला, "बाजारातून आणले असतील." माईक चालू होता, त्यामुळे ते मागच्या रांगेपर्यंत पोहोचलं.

मावशींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी टेबलाच्या टोकाकडे बोट केलं. "या दादांना विचारा. हेच आले होते मोजायला."

टोकाला चौकटमास्तर बसले होते. लोखंडी सळयांची अर्ध्या मीटरची चौकट चिखलावर टाकायची, तिच्या आत जे जे जिवंत सापडेल ते मोजायचं आणि तक्त्यात लिहायचं, हे काम त्यांनी एकोणतीस वर्षं केलं होतं, म्हणून सागरी संशोधन संस्थेत सगळे त्यांना याच नावाने ओळखत. शास्त्रज्ञ बदलले, संचालक बदलले, चौकट तीच राहिली. तज्ज्ञ म्हणून पाटी लावून खुर्चीत बसण्याचा मान मात्र निवृत्तीला चार महिने उरले असताना पहिल्यांदाच मिळाला होता. बायकोने शर्टाला दोनदा इस्त्री केली होती. पाटीचा फोटो पाठवायला सांगितला होता आणि तो सकाळीच साऱ्या नातेवाइकांत फिरून आला होता.

चौकटमास्तरांनी माईक पुढे ओढला. "निसर्गात चढउतार असतात," ते म्हणाले. "आम्ही पाहणी केली तेव्हा तिथे शिंपले आढळले नव्हते. गेल्या तीन वर्षांत नव्याने वस्ती झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

वाक्य इतकं गुळगुळीत बाहेर पडलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. अध्यक्षबाईंनी ते लिहून घेतलं.

मावशी भांडतील, असं मास्तरांना वाटलं होतं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या नुसत्या "असं आहे होय?" म्हणाल्या, आणि बादली उचलून पदराने टेबलावरचं पाणी पुसून मागे गेल्या.

जेवणाच्या सुट्टीत चौकटमास्तरांना घास गिळवेना. खाई त्याला खवखवे. ते मागच्या दाराने बाहेर आले, तर पायऱ्यांवर मावशी बादलीवरचं ओलं गोणपाट नीट करत बसलेल्या. शेजारी समुद्राच्या पाण्याची बाटली होती. नळाचं पाणी घातलं तर शिंपले मरतात, हे कुणी त्यांना तक्ता दाखवून शिकवलं नव्हतं.

"तीन वर्षांनीही ओळखलंत मला?" मास्तरांनी विचारलं.

"न ओळखायला काय झालं? तुम्हाला प्यायला पाणी मीच दिलं होतं. म्हटलंही होतं, दादा, आज समुद्र हटायचा नाही, आठ दिवसांनी अमावास्येला या. तुम्ही म्हणालात, मावशी, गाडी आजच मिळालीय."

अगदी हेच म्हणाले होते ते. चंद्र अर्धा असतो तेव्हा समुद्र आळसावतो. धड वर चढत नाही, धड मागे हटत नाही. त्याला भांग म्हणतात, आणि हे मावशींना जसं ठाऊक होतं तसंच मास्तरांनाही ठाऊक होतं. भरती-ओहोटीचं कोष्टक त्यांच्या खिशातच होतं. पण अहवाल महिनाअखेर हवा होता आणि साहेबांपुढे आठ दिवसांसाठी हट्ट धरायची त्यांची छाती झाली नाही. गुडघाभर पाण्यात त्यांनी वीस वेळा चौकट टाकली, बूट घातलेल्या पायांनी चाचपल्यासारखं केलं आणि वीस वेळा शून्य लिहिलं.

तक्त्यात वरच्या कोपऱ्यात एक रकाना असतो: ओहोटीची पातळी. खरा आकडा लिहिला असता तर अहवाल परत आला असता. खोटा लिहायला हात धजला नाही. मग त्यांनी तो रकाना कोराच ठेवला, आणि आपण खोटं तर लिहिलं नाही ना, अशी स्वतःची समजूत घातली. नव्या मुलांना हेच मास्तर दरडावत असत, "रिकामा रकाना दिसला तर मी जेवत नाही." तीन वर्षं ते व्यवस्थित जेवत होते.

"पण तुम्ही म्हणता तसंच असेल," मावशी म्हणाल्या. "मधे संपले असतील, नवे आले असतील. माझी सासू तिथेच वेचायची, मीही वेचत आले, पण आम्ही कुठे मोजून वेचतो? तुम्ही शिकलेली माणसं. घरी जाऊन बायकांना सांगते तसं."

त्यांच्या आवाजात टोमणा असेल म्हणून मास्तरांनी कान देऊन ऐकलं. नव्हता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काहीतरी करायचं म्हणून त्यांनी बादलीतला एक शिंपला उचलला. पाठीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. वर्षातून एकदा शिंपल्याची वाढ मंदावते आणि तिथे एक वळ उमटतो. तो बोटांना कळतो. मास्तरांनी मोजलं. पुन्हा मोजलं. नऊ.

म्हणजे त्या दिवशी हा सहा वर्षांचा होता. तिथेच होता. कदाचित त्यांच्या बुटाखालीच.

आत घंटी वाजली. शिंपला तसाच खिशात घालून ते सभागृहात गेले आणि खुर्चीत न बसता उभेच राहिले.

"अध्यक्षबाई, मी सकाळी जे बोललो ते खोटं आहे. त्या बादलीत नऊ-नऊ वर्षांचे शिंपले आहेत." त्यांनी फाइलमधला तक्ता काढून पुढे सरकवला. "आम्ही गेलो तेव्हा भांग होता. चिखल पाण्याखाली होता. या कोपऱ्यातला रकाना बघा, रिकामा आहे."

निळ्या अर्थव्यवस्थेचा तज्ज्ञ मदतीला धावला. "होतं असं गडबडीत. भरायचा विसरलात, इतकंच ना?"

किती सोयीची पळवाट होती! मास्तरांनी क्षणभर त्याच्याकडे कृतज्ञतेने पाहिलंसुद्धा.

"नाही," ते म्हणाले. "विसरलो नाही. कोरा ठेवला."

पुढचं सगळं फार लवकर आटोपलं. सुनावणी तहकूब झाली. पाहणी पुन्हा होणार, दुसरी माणसं करणार. मास्तरांचं नाव समितीतून कमी केल्याचं अध्यक्षबाईंनी त्यांच्याकडे न बघता वाचून दाखवलं. शिपायाने पाटी उचलली आणि भाबडेपणाने विचारलं, "साहेब, घरी नेणार का ही?" तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"काय, झालं का भाषण?"

"झालं."

"मग? काय म्हणाले सगळे?"

"आल्यावर सांगतो," ते म्हणाले.

बाहेर पडल्यावर मावशींच्या हातातली बादली त्यांनी मागून घेतली. हे शिंपले विकायचे नव्हते, दाखवायला आणलेले होते. गेल्या उधाणाला, चिखल उघडा पडला तेव्हा वेचून, जाळीत घालून मावशींनी ते पाण्यात जगवले होते. आता परत सोडायचे होते. दोघं किनाऱ्याकडे निघाले. बांधावर चपला काढताना मावशी म्हणाल्या,

"त्या अमावास्येला मी वाट बघितली होती, दादा. चिखल पार लांबपर्यंत उघडा पडला होता. वाटलं, माणूस कामाचा दिसतो, येईल. दुपारपर्यंत थांबले."

मास्तरांनी बूट-मोजे काढले, इस्त्रीची पँट वर दुमडली आणि मावशींच्या मागे पाण्यात उतरले.

आजही भांगच होता. पाणी गुडघ्याला लागत होतं. मावशी वाकून एकेक शिंपला चिखलात रोवत होत्या, आणि ते बादली धरून उभे होते. पहिल्यांदाच अनवाणी असल्यामुळे तळव्यांना खालचे शिंपले टोचत होते. पाऊल जिथे टाकावं तिथे होते. बादली रिकामी झाली तेव्हा त्यांनी खिशातला काढला, कोपरापर्यंत हात घालून बोटाने खड्डा केला आणि त्यात ठेवला.

मग ते सरळ उभे राहिले. गढूळ पाणी हळूहळू निवळलं, तरी वरून पाहिलं तर तिथे काहीच दिसत नव्हतं.