मी न ऐकलेले वाक्य

मित्रांनो, मला उघडलेत तर आत एक पातळ पडदा, तांब्याच्या तारेचे छोटे वेटोळे आणि एक चुंबक, एवढेच सापडेल. आवाज पडद्यावर आदळतो, वेटोळे हलते आणि तारेत वीज उमटते. मी एक माइक आहे, सव्वीस वर्षांचा.

अकोल्याच्या जुन्या शहरात अनुपची ध्वनिमुद्रणाची खोली आहे. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, पंखा बंद. तिथे रागिणीताई माझ्यासमोर उभ्या राहून जाहिराती बोलत. साड्यांचा सेल असो की अकोटची कापसाची जिनिंग, त्यांचा वऱ्हाडी आवाज ऑटोवरच्या भोंग्यातून गावोगाव फिरे. पण वस्तू पारखल्याशिवाय त्या बोलत नसत. एकाने कुकर आणला, तर आधी त्यात डाळ शिजवून पाहिली.

"ताई, उद्या ट्रॅक्टरची जाहिरात आली तं नांगरून पाहसान का?" अनुप म्हणाला.

"पाहीन न्! तुले काय करा लागते?"

रागिणीबाई सांगते म्हणजे खरेच असणार, असे लोक म्हणत. मला अभिमान वाटे.

मग कामे येईनाशी झाली. कुणीतरी संगणकाला त्यांच्या जुन्या जाहिराती ऐकवल्या आणि तो हवा तो मजकूर त्यांच्याच आवाजात बोलू लागला. मी खुंटीवर धूळ खात होतो. रस्त्यावरून येणारा आवाज माझ्या ओळखीचा होता, पण वाक्ये मी कधीच ऐकलेली नव्हती. माझा जीव थाऱ्यावर राहीना.

एके दुपारी अंजनगावचे बागाईतदार खुशालराव तणतणत आले.

"काहून वं बाई, तुमीच सांगतलं न्, हे औषध फवारा, संत्र्याचा बहार टिकते म्हनून? सारी फुलं खाली पडली माही!"

"भाऊ, मी हे बोललीच नाई."

"मंग तुमच्या गळ्यातून भूत बोललं का?"

रागिणीताईंनी बाजारात जाणे सोडले. एवढ्या वर्षांचा भरवसा त्यांनी न बोललेल्या एका वाक्याने गेला होता.

त्याच सुमारास विधिमंडळाची एक समिती अमरावतीला येणार असल्याचे कळले. बोलणारी, चित्रे काढणारी नवी यंत्रे कलावंतांच्या कामाचे काय करत आहेत, हे आमदार ऐकून घेणार होते आणि कायदा हवा की नको, याचा अहवाल देणार होते. रागिणीताईंनी नाव नोंदवले. खुशालरावांनाही बोलावले.

"येतो. पन तुमच्या बाजूनं नाई. माहं काय झालं ते सांगाले," ते म्हणाले.

कामाच्या वस्तू आणा, असे समितीच्या पत्रात होते. म्हणून ताई आणि अनुपने रुमालात बांधून मलाही एसटीने नेले.

"तो आवाज तुमचा नव्हता, हे कशावरून?" एका आमदारांनी विचारले.

अनुपने एकाच जाहिरातीची दोन ध्वनिमुद्रणे ऐकवली. एक नऊ वर्षांपूर्वीचे, माझ्यासमोर झालेले. दुसरे यंत्राचे.

"यातला तुमचा कोणता?" आमदारांनी विचारले.

रागिणीताईंनी डोळे मिटले. "दुसरा."

चुकले! पहिल्यातला प्रत्येक श्वास माझ्या पडद्यावरून गेला होता. मी टेबलावर पडून तडफडत होतो. पण मी दुसऱ्याचा आवाज पोचवतो, मला स्वतःचा नाही.

"ताई, पहिला होता," अनुप हळूच म्हणाला.

आमदार हसले. "बाई, तुम्हालाच ओळखता येत नाही, मग तक्रार कसली?"

रागिणीताईंचा चेहरा उतरला.

"तेच तं सांगून राहिली साहेब. मलेच माहा आवाज ओळखू येत नाई, तं ह्या भाऊले वावरात उभं राहून कसा येईन?"

मागून खुशालराव उठले. "म्या बी दुसराच सांगतला असता! औषध घेतलं तवा तेच तं केलं."

आता कोणी हसले नाही. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "कायद्यात काय असावे, तुम्ही सांगा."

"मले इचारल्याबिगर माह्या तोंडी शब्द टाकू नका. आन् यंत्र बोलत असन, तं तसं आधी सांगा."

लघुलेखकाने ते लिहून घेतले. अहवाल अजून आलेला नाही. त्यात ही दोन वाक्ये असतील का, या विचाराने मी अस्वस्थ असतो.

पण परवा अनुपच्या खोलीत रागिणीताईंचा फोन वाजला. पलीकडे खुशालराव होते.

"बाई, मोटरपंपाची जाहिरात ऐकून राहिलो. तुमी बोलल्या का?"

"नाई भाऊ."

"बरं. मंग नाई घेत."

मित्रांनो, ओळखीचा आवाज तुम्हाला काही करायला सांगेल, तेव्हा त्या माणसाला एवढे नक्की विचारा. कायद्याची वाट पाहत थांबू नका.