न बघायचा दिवा

फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा विझतो की नाही, हे आजवर कुणी फ्रिजमध्ये बसून बघितलेलं नाही. तरी सगळं जग त्यावर विश्वास ठेवून आहे. पण मिरजगावच्या रामहरी अण्णांचा माझ्यावर विश्वास बसेना, आणि त्यांच्या एका दिव्यापायी मी नगर ते मिरजगाव हेलपाटे घालून अर्धा झालो. जायला पन्नास किलोमीटर, यायला पन्नास, आणि वर चैत्रातलं ऊन.

मी सॅम्युएल. नगरमध्ये एसीची कामं करतो, बावीस वर्षं झाली. हात चांगला आहे असं लोक म्हणतात. तोंडाबद्दल कुणी चांगलं बोलत नाही. माझी बायको एस्तेर म्हणते, तुम्हाला एकच प्रश्न दोनदा विचारला की तुमच्या नाकाचा शेंडा लाल होतो. असेल. मी आरशात बघून भांडत नाही.

अण्णांचा धंदा भुसार मालाचा. ज्वारी, तूर, हरभरा. बंगला नवा बांधलेला, गोदाम बंगल्याला लागूनच. घरात डक्टचा एसी, म्हणजे मशीन एकच, देवघरासमोरच्या पॅसेजमध्ये छताला टांगलेलं, आणि तिथून पत्र्याच्या बोगद्यांनी गार हवा सगळ्या खोल्यांत जाणार. हौस दांडगी. पण गोदामातली धूळ आत यायची, मशीनमधल्या ओल्या कॉइलला चिकटायची आणि तिच्यावर काळी बुरशी धरायची. एसी लावला की घरभर कुबट वास, आणि अण्णांच्या आईला, भीमाबाईंना, खोकल्याची उबळ. मी दोनदा कॉइल धुऊन दिली. दोन महिन्यांत परत तेच.

मग अण्णांच्या सुनेचा, पंकजाचा फोन आला. ती कर्जतला कॉलेजात शिकवते. "काका, कॉइलजवळ यूव्हीचा दिवा बसवतात म्हणे. त्याच्या उजेडानं बुरशी मरते. तुम्ही बसवता का?" घरात एक तरी माणूस वाचून विचारतंय, याचा मला आनंद झाला. मी हो म्हटलं.

काम तसं दोन तासांचं. मशीनचं खालचं झाकण काढायचं, हातभर लांबीची नळी कॉइलकडे तोंड करून आत बसवायची, वायर ओढायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, झाकणाला एक छोटा स्विच लावायचा. झाकण उघडलं की दिवा आपोआप बंद, कारण हा उजेड माणसाच्या डोळ्यांवर पडता कामा नये. शिडीवर उभा राहून, दातांत दोन स्क्रू धरून मी खाली सांगितलंसुद्धा, "यूव्ही किरण आहेत, डोळ्यांना घातक. झाकण उघडायचं नाही." अण्णा तेव्हा फोनवर तुरीचा भाव विचारत होते.

भीमाबाई खाली बसून गोधडी शिवत होत्या. वय ऐंशीच्या आसपास. महिन्यापूर्वीच त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. त्याआधी तीन वर्षं सुईत दोरा ओवायला त्यांना नातसुनेला हाक मारावी लागायची. आता स्वतः ओवायच्या, आणि येईल त्याला ओवून दाखवायच्या. मलाही दाखवलं. "ह्ये बघ रं. एका झटक्यात." मी बघितलं, मान डोलावली. मग त्यांनी वर बोट केलं.

"ह्यो दिवा कशाचा रं, लेकरा?"

घामानं माझा शर्ट पाठीला चिकटला होता आणि हातातला स्क्रू खाली पडला होता. मी म्हटलं, "तुमच्या खोकल्याचा दिवा, आजी. हा लागला की तुमचा खोकला गेलाच म्हणून समजा."

त्या खुदकन हसल्या आणि मशीनला हात जोडले. उत्तर बरं जमलं असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी अण्णांचा फोन. "मिस्त्री, दिवा लागंना."

"काय झालं?"

"आवो, झाकान उघडून बघितलं, बंद. परत लावलं, परत उघडलं, बंदच."

"अण्णा, उघडलं की तो विझतोच. तसाच बसवलाय."

"मग लागतो कवा?"

"झाकल्यावर."

"झाकल्यावर दिसतोय का?"

"नाही."

"मग लागतो कशावरनं?"

मी फोन कानापासून लांब धरून दहा आकडे मोजले. मग गाडी काढली. जाऊन झाकणाच्या फटीशी काळा चष्मा लावून डोकावलो, दिवा लागत होता. अण्णांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "तुमी बघितला. म्या न्हाई बघितला."

यात त्यांचा तरी काय दोष म्हणा. जन्मभर पोत्यात लोखंडी नळी खुपसून, दाणे तळहातावर घेऊन, चार दाणे दाताखाली चावल्याशिवाय या माणसानं सौदा केलेला नाही. सख्ख्या मेव्हण्याचा हरभराही त्यांनी असाच घेतला होता. पण हे शहाणपण मला आज सुचतंय. तेव्हा फक्त चीड येत होती.

दुसरा फोन रविवारी, चर्चमध्ये, प्रार्थना चालू असताना. पुढच्या बाकावरच्या तिघांनी वळून बघितलं. दुपारी परत मिरजगाव. या वेळी मीटर घेऊन गेलो, झाकण बंद ठेवून वायरमधला करंट मोजून दाखवला. "हे बघा आकडे. दिवा लागल्याशिवाय हे येतील का?"

अण्णांनी आकड्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. "मिस्त्री, माझा जल्म काट्यावर गेलाय. आकडा कसाबी दावता येतो."

तिसऱ्या फेरीला माझा तोल गेला. अण्णांचं म्हणणं, आईचा खोकला अजून आहे, म्हणजे दिवा लागत नाही. मी म्हटलं, बुरशी चार दिवसांत कुठं मरते, महिना लागतो. ते म्हणाले, मग महिनाभर दिवा लागतोय हे आमी बघायचं कसं? झालं. मी ओरडलोच. "तुम्हाला काय करायचंय बघून? बघायचा दिवाच नाही हा! कशाला त्याच्या मागे लागलाय? बुडत्याचा पाय खोलात!" ही म्हण तिथं कशी लागू पडत होती हे मलाही माहीत नाही, पण रागात जी सापडेल ती मारायची. पंकजानं चहा आणला होता, तो तसाच ठेवून मी निघालो. मिरजगावात कुणाच्या घरचा चहा ठेवून जाणं म्हणजे तोंडावर थुंकल्यासारखंच आहे. मला ते माहीत होतं, म्हणूनच ठेवला.

त्यानंतर तीन दिवस फोन नाही. पटलं असेल, असं मी धरलं.

चौथ्या दिवशी सकाळी सातला पंकजाचा फोन. "काका, आजींचे डोळे सुजलेत. उघडतच नाहीत. वाळू गेल्यासारखं टोचतंय म्हणतात. नगरला डोळ्यांच्या दवाखान्यात आणतोय. तो दिवा उघडा होता काल. त्यानं होतं का असं?"

"उघडा कसा असेल? उघडलं की विझतो ना?"

"अण्णांनी काल गोरक्षला बोलावलं होतं. त्यानं त्या स्विचवर चिकटपट्टी लावून तो दाबून टाकलाय. झाकण काढूनच ठेवलं होतं, लोकांना दिसावा म्हणून."

गोरक्ष म्हणजे गावातला वायरमन. मी तसाच दवाखान्यात गेलो. अण्णा बाकावर बसले होते, त्यांचेही डोळे लालबुंद, पाणी गळतंय. शेजारी गोरक्ष, त्याचे त्याहून लाल. दोघं रडून आल्यासारखे दिसत होते, पण मला दया आली नाही. बावीस वर्षांत कुणावर ओरडलो नसेन एवढा ओरडलो. सांगितलं होतं, घसा फोडून सांगितलं होतं, घातक आहे म्हणून सांगितलं होतं. म्हातारीचा नवा डोळा घालवला तुम्ही. नर्स येऊन गप्प करून गेली तरी मी थांबलो नाही. अण्णा खाली मान घालून ऐकत होते. एकदाच म्हणाले, "चुकलं."

एवढ्यात भीमाबाईंना आतून बाहेर आणलं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, गाल आणि कपाळ उन्हात भाजल्यासारखं तांबडं. पंकजानं हाताला धरून बसवलं. त्यांनी मान फिरवून आवाज हुडकला.

"कोन? मिस्त्री हाय का?"

"हो, आजी."

"रामहरीला नगं बोलूस, बाबा. त्यानं दिवा उघडून दिला निस्ता. बघत म्या बसले. तूच म्हन्लास न्हवं, खोकल्याचा दिवा म्हनून?"

मी बाकाच्या कडेला टेकलो.

"दिवेलागनीला देवापुढं बसले हुते. वर बघितलं तर निळा निळा उजेड. हात जोडले. म्हनलं, लांबून कशाला, म्हनून पाट सरकवून खालीच बसले. चांगली तासभर बसले, तोंड वर करून. आरती घेतो तसं हात वर धरून डोळ्यास्नी लावलं. खोकला जायाचा तर मन लावून बघाया नगं का?" मग जरा थांबून म्हणाल्या, "का माझंच काय चुकलं?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. घातक म्हणून मी सांगितलं होतं ते शिडीवरून, दातांत स्क्रू धरून, फोनवर बोलणाऱ्या माणसाला. आणि ज्या बाईनं नीट तोंड वर करून विचारलं, तिला मी थट्टेवारी नेलं होतं. तिनं माझा शब्द न शब्द खरा धरला. अण्णांचा माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून मी चिडलो होतो, आणि तिचा होता तो मी असा वापरला.

डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "वेल्डिंगच्या उजेडाकडे बघितल्यावर डोळे येतात ना, तसंच झालंय. वरचा पडदा भाजलाय. बहुतेक दोन-तीन दिवसांत भरून येईल. पण वय आहे, डोळा नुकताच ऑपरेशनचा आहे. पट्टी काढल्याशिवाय मी काही सांगत नाही."

अण्णांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "वेल्डिंग? मिस्त्री, येवढंच सांगितलं आस्तं, ह्यो वेल्डिंगसारखा उजेड हाय म्हनून, तर म्या त्या डब्याला कुलूप घातलं आस्तं. आमच्या गोदामाचं शटर बसवताना शेंबडं पोरगं बी तिकडं बघत न्हवतं."

यूव्ही म्हणालो होतो मी. किरण म्हणालो होतो.

दोन दिवस मी कामं केली, पण कामात लक्ष नव्हतं. एका ठिकाणी तर मशीनचं झाकण उलटं बसवून आलो. एस्तेरला सगळं सांगितलं तेव्हा ती भाकरी थापताना थांबली आणि म्हणाली, "विचारणाऱ्याला धड उत्तर द्यायला काय पैसे पडतात का तुम्हाला?" मग परत थापायला लागली. मी जेवलो नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढणार होते. फोन करून विचारायचं माझं धाडस झालं नाही. दुपारी नवा स्विच, चार मोठे स्क्रू आणि एक बारका लाल दिवा घेतला आणि मिरजगावला निघालो. कुणी बोलावलं नव्हतं. घरात शिरलो तर पॅसेजमध्ये भीमाबाई काळा चष्मा लावून बसलेल्या, मांडीवर गोधडी. एका हातात सुई, एका हातात दोरा. पंकजा भिंतीला टेकून उभी.

दोऱ्याचं टोक सुईच्या बाजूनं गेलं. भीमाबाईंनी ते ओठांत ओलं केलं, परत नेलं. परत हुकलं. पंकजा पुढं झाली तशी त्या खेकसल्या, "हात लावू नगंस!" मी दारात हत्यारांची पिशवी धरून उभा. येशूला काय काय कबूल केलं त्या घटकेला, ते सांगत नाही.

तिसऱ्यांदा दोरा गेला.

त्यांनी ओढून गाठ मारली, आणि माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "आता एका झटक्यात न्हाई हुत. पन हुतंय."

मी शिडी लावली. गोरक्षची चिकटपट्टी खरवडून काढली, नवा स्विच बसवला, झाकण चारही बाजूंनी आवळलं. आणि पहिल्याच दिवशी जे करायला हवं होतं ते केलं. झाकणाच्या बाहेर तो बारका लाल दिवा लावला. आतल्या दिव्यातून करंट गेला तरच हा लागणार. बटण दाबलं, लाल ठिपका लागला. अण्णा येऊन खाली उभे राहिले.

"ह्यो बघायचा?"

"हा खुशाल बघा."

"आतला लागला तरच ह्यो लागतो?"

"तरच."

अण्णांनी पुढचं विचारायला तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि मिटलं. मीच म्हटलं, "विचारा, अण्णा. कशावरनं, तेच ना? सांगतो."

पण त्याआधी भीमाबाईंनी काळ्या चष्म्यातून वर बघितलं. हात जोडायला उचलले, आणि अर्ध्यातच थांबवले.

"लेकरा, ह्यो दिवा कशाचा रं?"

मी शिडीवरून उतरलो. पाना बाजूला ठेवला, त्यांच्याशेजारी फरशीवर मांडी घातली आणि म्हटलं, "आजी, तुम्ही कधी वेल्डिंग बघितलंय का?" पंकजा चहा ठेवायला आत गेली.