जाळीवरची बाटली

आयली लेहतोच्या खोलीची खिडकी चार बोटे उघडत असे आणि तिथेच अडत असे. त्या फटीला कान लावून ती उभी होती. समोर हॉटेलचे वाहनतळ, त्यापलीकडे रस्ता आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेला रिंकची पाठमोरी भिंत. बर्फ घासून गुळगुळीत करणारे यंत्र ज्या मोठ्या दरवाज्यातून बाहेर येऊन खरवडलेला चुरा ओतून जात असे, तो दरवाजा या वर्षी हवा खेळती राहावी म्हणून दिवसभर उघडाच ठेवलेला होता. त्यातून आतले आवाज तुटक तुटक बाहेर येत होते. थोड्याच वेळात तिथे महाविद्यालयीन आइस हॉकीचा अंतिम सामना सुरू होणार होता. एका बाजूला तिचाच संघ होता, आणि तिला खोलीबाहेर पाऊल टाकण्याची परवानगी नव्हती.

उत्तर मिनेसोटामधल्या नॉर्थ पोर्टेज कॉलेजच्या मुलींच्या संघाची ती गोलरक्षक. हे तिचे चौथे वर्ष. पहिल्या वर्षी ती बाकावर बसली, दुसऱ्या वर्षी संघ स्पर्धेपर्यंत पोहोचलाच नाही आणि तिसऱ्या वर्षी पोहोचला तेव्हा, सामान बसमध्ये चढलेले असताना, साथीमुळे स्पर्धा रद्द झाल्याचा फोन आला. त्या दिवशी पॅड खाली उतरवताना मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या होत्या. गळ्यात पडू नये हे तेव्हा अजून कुणाला ठाऊक नव्हते. साथीमुळे सर्व खेळाडूंना एक जादा वर्ष मिळाले होते खरे, पण आयलीचे परिचारिकेचे शिक्षण पूर्ण होत आले होते आणि गावच्या इस्पितळात जूनपासून तिची वाट पाहत होते. तिथली माणसे किती थकली आहेत हे तिने हिवाळ्यात डोळ्यांनी पाहिले होते. खेळायचे ते याच मार्चमध्ये, एवढे तिने मनाशी पक्के केले होते.

उपान्त्य सामना त्यांनी जादा वेळेत जिंकला, आणि जे घडायचे ते त्याच सामन्यात घडले.

गोलरक्षकाची पाण्याची बाटली जाळीच्या माथ्यावर ठेवलेली असते. खेळ थांबला की जवळपासचा बचावपटू ती उचलतो, तोंडात धार सोडतो आणि परत ठेवतो. ही रीत लहानपणी गावच्या उघड्या रिंकवर अंगवळणी पडते. तिचे कुणाला काही वाटत नाही. या वर्षी मात्र सक्त नियम होता. प्रत्येकीची बाटली वेगळी, तीवर तिचा क्रमांक, आणि जाळीवरची बाटली फक्त गोलरक्षकाची. संपूर्ण हंगाम सर्व मुलींनी तो पाळला. जादा वेळेत, सलग तीन फटके अडवून आयली गुडघ्यांवर बसली असताना, कर्णधार ब्रिटा सोलबर्ग धापा टाकत आली, बाटली उचलली, प्याली आणि परत ठेवली. आयलीने लगेच हेल्मेट वर सरकवून तीच बाटली तोंडाला लावली. दोघींनाही काही जाणवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रिटाची तपासणी सकारात्मक आली.

संघाच्या डॉक्टरांनी प्रत्येकीला एकेक करून विचारले, ब्रिटाजवळ कोण होते, किती वेळ होते. आयली उत्तर द्यायला लागली, आणि मध्येच तिला ती बाटली आठवली. कुणी पाहिले नव्हते. तिची स्वतःची तपासणी नकारात्मक होती. पण तिची खोली टेगनबरोबर होती, आणि टेगन ही संघातली दुसरी आणि शेवटची गोलरक्षक. तिने डॉक्टरांना सांगून टाकले. तेव्हापासून ती या खोलीत एकटी होती. रोज तपासणी होई, रोज नकारात्मक येई, आणि नियम नियमाच्या जागी राही.

फोन वाजला. भिंतीपलीकडच्या खोलीतून ब्रिटा बोलत होती.

"म्हातारे, जिवंत आहेस ना?"

"आहे. तू?"

"कॉफीला वास नाही, बाकी ठणठणीत. मोजेसुद्धा हुंगून पाहिले. काही नाही! आपल्या ड्रेसिंग रूममध्ये राहायला याहून चांगला आजार नाही."

आयली हसली.

"आयली, डॉक्टरांना सांगायची काय गरज होती गं?"

"परत तेच?"

"परत तेच. मी प्याले, मी गाढव. पण तू गप्प राहिली असतीस तर आज तिथे उभी असतीस."

"आणि टेगनला लागण झाली असती तर? जाळीत काय तुझे मोजे टांगायचे होते?"

"त्यांनी अडवलं असतं," ब्रिटा म्हणाली. "वासानंच."

यावर आयलीला हसू आले नाही. टीव्ही लावते, एवढेच सांगून तिने फोन ठेवला.

खाली वाहनतळात बाबांचा जुना पिकअप उभा होता. रेइनो लेहतोंना खेळाडूचे वडील म्हणून आत बसण्याचा पास मिळालेला होता. या वर्षी तो मिळणे सोपे नव्हते. तो खिशात ठेवून ते गाडीतच बसले होते. आयलीने त्यांना फोन लावला.

"बाबा, आत जा ना. सुरू होईल आता."

"तू नसताना आत काय बघू? बर्फ मी घरीसुद्धा बघतो."

"टेगन आहे की."

"पोर चांगली आहे. पण तिला तिचे आई-बाप बघतील. पेस्टी खाल्लीस का? खाली ठेवून आलो होतो."

"खाल्ली. सारणात सलगम जास्त झाला होता."

"तुझ्या आईच्या हातची खातानासुद्धा तू असंच म्हणायचीस," रेइनो म्हणाले. "फोन चालू ठेव. मी बोलणार नाही. नुसता ठेव."

तिने फोन उशीवर ठेवला आणि टीव्हीसमोर पलंगाच्या कडेला बसली. सामना सुरू झाला. टेगन जाळीत उभी होती, तिच्याहून बारीक, खांदे ताठ. पहिल्या वर्षाची ही मुलगी हंगामभर बाकावरून आयलीचे पाय पाहत आली होती. मागच्या रांगांमध्ये माणसांऐवजी पुठ्ठ्याचे चेहरे बसवलेले होते, आणि त्यांच्यापुढे, या खेळात चेंडूच्या जागी असते ती रबरी चकती इकडून तिकडे धावत होती.

पहिला गोल झाला तेव्हा आयलीला एक गोष्ट समजली. गोल झाल्यावर रिंकमध्ये भोंगा वाजतो, कुणाचाही गोल असो. तो भोंगा उघड्या दरवाज्यातून रस्ता ओलांडून थेट तिच्या खिडकीत आला. टीव्हीवर मात्र चकती अजून मैदानाच्या मध्यावर होती. चित्र मागे राहिले होते. एक दीर्घ श्वास घेऊन सोडावा इतके. गोल झाला हे तिला कळले होते. कुणाचा, ते कळायचे होते.

"कुणाचा गं?" उशीवरून बाबांचा आवाज आला. त्यांनीही ऐकला होता.

"थांबा. अजून दाखवला नाही."

तो नॉर्थ पोर्टेजचा होता. दुसऱ्या भागात पुन्हा भोंगा वाजला. तो प्रतिपक्षाचा होता. चकती कुणाच्या तरी स्केटला लागून आत गेली, टेगनचा दोष नव्हता. एकेक गोलावर निर्धारित वेळ संपली. तोपर्यंत टेगनने इतके फटके अडवले होते की समालोचकाला तिचे आडनाव बिनचूक उच्चारता येऊ लागले होते. प्रत्येक फटक्याबरोबर आयलीची मांडी आपोआप आवळली जाई, गुडघा आत वळे, आणि पायाखाली गालिचा असल्याचे लक्षात येई.

जादा वेळ सुरू झाला. जो पहिला गोल करील तो विजेता.

खोलीत आता टीव्हीशिवाय आवाज नव्हता. भिंतीपलीकडे ब्रिटाचाही टीव्ही चालू होता, शब्द कळत नव्हते. उशीवरच्या फोनमध्ये बाबांचा श्वास ऐकू येत होता.

भोंगा वाजला.

पडद्यावर नॉर्थ पोर्टेजच्याच मुलीजवळ चकती होती आणि ती पुढे चालली होती. चार वर्षांची प्रतीक्षा संपली होती, पण कशी, हे अजून समोर यायचे होते. तेवढ्या वेळात आयलीने आपल्या मनात एक इच्छा उठताना पाहिली. हा गोल आपल्यावर झालेला असावा. कारण त्या जिंकल्या असतील तर आता सगळ्या जणी हातमोजे हवेत उडवून टेगनवर कोसळतील, त्या ढिगात आपण नसू, आणि त्या ढिगाचा फोटो कॉलेजच्या भिंतीवर जन्मभर राहील. इच्छा पुरती उमटलीसुद्धा नाही तोच तिने ती दाबली; पण ती उठली होती, आणि आपण ती पाहिली आहे, हे तिला नाकारता येईना.

पडद्यावर पुढे गेलेल्या मुलीची चकती हिसकावली गेली. प्रतिपक्षाच्या दोघी वेगाने परत फिरल्या. चकतीवाली मुलगी डावीकडून आली, तिने मान वळवून सोबतिणीकडे पाहिले. टेगनने ती नजर खरी मानली आणि पलीकडच्या बाजूला झेपावली. तिने सोडलेल्या खांबाजवळून चकती शांतपणे आत गेली.

"बाबा," आयली म्हणाली, "हरलो."

रेइनो म्हणाले, "तू ठीक आहेस का?"

"नाही."

"बरं. मी इथंच आहे."

भिंतीवर पलीकडून दोनदा थाप पडली. आयलीनेही दोनदा थाप मारली. टीव्हीवर दुसऱ्या संघाचा ढीग दाखवत होते. तिने टीव्ही बंद केला. जे मागितले ते मिळाले होते. त्याने काहीही हलके झाले नव्हते. तिला अजूनही तिथेच असायचे होते, हरलेल्या त्या रांगेत, हेल्मेट काखेत घेऊन.

बऱ्याच वेळाने फोनवर टेगनचा चेहरा आला. ती रिंकच्या मागच्या मार्गिकेत, अजून पॅड आणि स्केट घालूनच, भिंतीला टेकून उभी होती. मास्क रडून ओला झालेला होता.

"आयली, बघितलंस?"

"बघितलं."

"तू असतीस तर अडवला असतास ना?"

गोड उत्तर आयलीच्या ओठांवर आलेच होते. पण आपण काय मागितले होते ते तिला आठवले, आणि या मुलीला तरी आपण खोटे सांगू नये असे वाटले.

"अडवला असता," ती म्हणाली.

टेगनचे डोळे विस्फारले. "खरंच?"

"खरंच. खोटं बोलले असते तर बरं वाटलं असतं?"

"हो! थोडं वाटलं असतं!" टेगन रडता रडता हसली, नाक ओढले. "दुष्ट आहेस तू."

"आहे. पण पहिल्या भागातले ते दोन फटके मी अडवले नसते. तेवढी लवचिक मी कधीच नव्हते. हा मात्र अडवला असता, कारण मी खांब सोडला नसता. ती कुठे बघते ते बघायचंच नाही. चकती तिच्या स्टिकवरून सुटेपर्यंत तुझा पाय खांबाला चिकटलेला."

"चिकटलेला होता गं."

"नव्हता. फोन कुठेतरी उभा कर. दाखवते."

टेगनने फोन कसल्याशा पेटीवर टेकवला. मार्गिकेत मागे कुणीतरी, बस लागली आहे, असे ओरडत होते. आयलीने आपला फोन दिव्याला टेकवून ठेवला, पलंग आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत ती मोज्यांवर उभी राहिली, गुडघे वाकवले आणि डावी पोटरी पलंगाच्या पायाला टेकवली.

"हा खांब. ती आली. मान वळवली. तू काय करतेस?"

"काही नाही."

"काही नाही. थांब. थांब. आता सुटली!"

आयलीने स्वतःला उजवीकडे लोटले. बर्फावर घसरतो तसा पाय गालिच्यावर घसरला नाही. ती गुडघ्यावर आपटली, कोपर भिंतीला लागले.

"टेगन! लवकर गं!" पलीकडून हाक आली.

"आले, आले!" टेगन ओरडली, पण जागची हलली नाही. तिने भिंतीच्या कोपऱ्याला पाय लावला आणि वाकली. "परत."

आयली उठली, पोटरी पुन्हा पलंगाच्या पायाला टेकवली आणि टेगनच्या पायाकडे नजर लावली.

"ती आली," ती म्हणाली. "थांब."