गरम पाण्याचा सुगंध

वसुंधराबाईंना वास येईनासा झाला, त्याला महिना होत आला होता. घरात त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. परदेशात, अल्बनीला लेकाकडे आल्या आल्या तिथल्या थंडीनं त्यांना गाठलं. सर्दी गेली, पण जाताना नाकाचं काम घेऊन गेली. फोडणी करपली तरी कळेना, म्हणून त्या कढईपुढून हलेनाशा झाल्या.

सून मनाली फार्मसिस्ट. तिच्या कानावर घालायला काय हरकत होती? पण छाती होत नव्हती. थोरल्या बहिणीचं, कांचनचं असंच सुरू झालं होतं. आधी वास गेला, आणि पुढे एक दिवस तिनं पोटच्या मुलीला विचारलं, "आपण कोण?"

शेजारच्या मिसेस लिन तैवानच्या. एका रविवारी त्यांनी सासूसुनेला तिकडचे चहा चाखायला बोलावलं. दूध नाही, साखर नाही. मातीची इवलीशी किटली आणि भातुकलीतले वाटावेत असे पेले. चहा आधी उंच, निमुळत्या पेल्यात ओतायचा, मग बसक्या पेल्यात रिता करायचा, आणि तो रिकामा ऊन पेला नाकाशी धरायचा. पिणं त्यानंतर.

पहिला चहा पोपटी रंगाचा होता.

"आई, जाईची फुलं ना अगदी?" मनाली म्हणाली.

"अगदी जाईच गं."

दुसऱ्याची पानं भाजलेली. मनालीला त्यात खरपूस शेंगदाणे आठवले, वसुंधराबाईंनी मान डोलावली. कडू-तुरट तेवढं जिभेला कळत होतं. बाकी सगळं त्या सुनेच्या चेहऱ्यावरून वाचत होत्या.

तिसऱ्याच्या आधी मनालीचा मोबाइल वाजला आणि ती बोलत बोलत बाहेर गेली. मिसेस लिन मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत होत्या, ह्या चहाच्या कोवळ्या पानांना एक बारीक किडा चावतो, म्हणून त्याला मधाचा वास येतो. सांगता सांगता त्यांनी पेले भरले. वसुंधराबाईंनी आपला उंच पेला रिता केला, नाकाशी नेला, डोळे मिटले.

"वा! हनी! खूप हनी!"

डोळे उघडले तर मिसेस लिन त्यांच्याकडेच बघत होत्या. चहाची पानं अजून त्यांच्या चमच्यातच होती. बसक्या पेल्यात नुसतं गरम पाणी होतं, पेले तापवायला ओतलेलं.

वसुंधराबाईंचे कान तापले. मिसेस लिन हसल्या नाहीत. चमचा खाली ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "कधीपासून?"

त्या एका प्रश्नानं बांध फुटला. कांचनचं, फोडणीचं, रात्र रात्र जागून नातेवाइकांची नावं घोकण्याचं, सगळं बाहेर आलं. इंग्रजी संपलं तिथं मराठीत. मिसेस लिनना किती समजलं कोण जाणे. पण मनाली आत येताच त्यांनी वसुंधराबाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सांगा तिला."

"मनाली, मला जाईबिई काही आली नाही गं. कसलाच वास येत नाही."

मनाली त्यांच्या शेजारी येऊन बसली. "कांचनमावशींसारखं होईल असं वाटलं तुम्हाला? आणि एकट्याच झुरत बसलात? अहो आई, मी काय परकी आहे?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नाकात उजेड टाकून पाहिलं. दोन्ही नाकपुड्यांत मांस वाढून वाट बुजली होती. फवारा आणि गोळ्यांनी बहुतेक उतरेल, नाहीच उतरलं तर छोटंसं ऑपरेशन. मनालीच्या आग्रहाखातर त्यांनी स्मरणशक्तीचेही प्रश्न विचारले. आजची तारीख कोणती, म्हणताच वसुंधराबाईंनी ती तिथीसकट सांगितली, आणि मनालीला बजावलं, "तिथीचंही भाषांतर कर हो."

"शी इज स्वीट अ‍ॅज," डॉक्टर हसत म्हणाले.

"म्हणजे काय गं?"

"इकडची बोली आहे, आई. म्हणजे सगळं झकास आहे."

गाडीत बसल्यावर वसुंधराबाईंनी पदरानं डोळे पुसले. भूक लागलीय म्हणाल्या. वाटेत मनालीनं गरम चिप्सचा, बटाट्याच्या तळलेल्या फोडींचा, पुडा घेतला, तो त्यांनी जवळजवळ एकट्यांनीच संपवला. कागद चुरगाळून होतो न होतो तोच त्यांची मान कलली आणि त्या चक्क घोरायला लागल्या.

घराचं वळण आलं. मनालीनं गाढ झोपलेल्या आईंकडे पाहिलं, आणि न वळता गाडी सरळ पुढे नेली.